काउंटरचा टायमर: जादा सेकंद कुठून येत होते

अखेर सापडलं! पीएलसीत (यंत्रं चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) सेकंद मोजायला लावलेला काउंटर सी१०० स्टॉपवॉचच्या पुढे का धावतो, त्याचा छडा लागला.

आधी मांडणी. मित्सुबिशीचा एफएक्स२एन पीएलसी, त्याच्या एक्स० या इनपुटवर फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीनुसार ऑन-ऑफ होणारा), पंप एकूण आठ तास चालला की दिवा लावायचा. टी२५० हा टायमर रिटेंटिव्ह (थांबला तरी मोजलेला वेळ जपणारा) खरा, पण त्याची मजल ३२७६.७ सेकंद, म्हणजे तासही भरत नाही. सी१०० लॅच्ड आहे, वीज गेली तरी आकडा जागेवर, आणि एम८०१३ चे (पीएलसीच्या आतल्या एक सेकंदाच्या क्लॉकचे) सेकंद मोजले तर ३२७६७ पर्यंत, नऊ तासांच्या वर. के२८८००, म्हणजे आठ तासांचे सेकंद, हे लक्ष्य टाकलं की झालं. निदान कागदावर.

सिम्युलेटरात सेकंदाला सेकंद जुळला. जुळणारच, तिथे एक्स० माउसने दाबतो आपण. खऱ्या टाकीवर मात्र पाणी स्विचच्या काठाशी आलं की मॉनिटरवर पापणी लवते न लवते तोच २१२ चे २१६. डी८०२० मधला इनपुट फिल्टर (क्षणिक चढउतार गाळणारा) १० वरून ६० मिलिसेकंद केला. थोडा फरक पडला, पण फ्लोटचं डुलणं ६० मिलिसेकंदांना भीक घालत नाही.

गोम त्या नेहमीच्या ओळीत होती: एम८०१३ आणि एक्स० सिरीजमध्ये, पुढे सी१००. काउंटर चढती कड (ऑफचं ऑन होणं) मोजतो, पण ती दोघांची मिळून बनलेली. एम८०१३ अर्धा सेकंद ऑन असतो; तेवढ्यात एक्स० जितक्यांदा पडून उठेल तितके सेकंद फुकटात जमा!

आता आधी एम८०१३ वरून पीएलएस एम१० (क्लॉक ऑन होताच एम१० फक्त एका स्कॅनपुरता, म्हणजे प्रोग्रामच्या एका फेरीपुरता ऑन), मग एम१० आणि एक्स० मिळून सी१००. कड फक्त क्लॉकची. एक्स० ला सेकंदातून एकदाच विचारायचं, आहेस की नाहीस. डुलणाऱ्या फ्लोटचा एखादा सेकंद इकडे, एखादा तिकडे, पण आकडा उड्या मारत नाही. हे बघायला फार गोड वाटलं.

स्वतःलाच रिसेट करणारा टी० के१० (एक सेकंदाचा टायमर) वापरावा, असं काहींचं म्हणणं. मला पटत नाही. प्रत्येक फेरीत निदान एक स्कॅन वाया जातो; १० मिलिसेकंदांचा स्कॅन धरला तरी तासाला ३६ सेकंदांचा खड्डा. आणि एम८०११ या १० मिलिसेकंदांच्या क्लॉकच्या वाटेला जाऊच नका: ५ मिलिसेकंद ऑन, ५ ऑफ; स्कॅन त्याहून लांबला की पल्स निसटलेच.

उरतो पहिला सेकंद. एक्स० दोन पल्सांच्या मध्ये आला की तो अपुराच पडतो. आठ तासांत खपून जातो, पाच सेकंदांच्या डिलेत नाही. त्यासाठी एम८०१२, म्हणजे १०० मिलिसेकंदांचा क्लॉक घ्यावा, तर मोजणी पुन्हा ३२७६.७ वर अडते... थांबा, मग दोन काउंटर का नकोत? सी१०१ के६०० म्हणजे मिनिट, त्यावर सी१०२ के४८०. पल्सांमध्ये १०० मिलिसेकंदांचं अंतर असल्याने रिसेटमध्ये एकही हरवत नाही. म्हणजे सी१०० ला रजा. फक्त सी१०१ चा आरएसटी (रिसेटची सूचना) सी१०२ च्या ओळीखाली हवा. दोन्ही काउंटरांच्या मध्ये ठेवला तर सी१०२ ला मिनिट भरल्याचं कधी कळणारच नाही.