तुम्ही विचारलंत म्हणून: अली की टायसन?

बॉक्सिंगचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच: मुहम्मद अली आणि माइक टायसन दोघंही ऐन भरात असताना समोरासमोर आले असते, तर कोण जिंकलं असतं? एका शब्दात हवं असेल तर अली. पण कुठल्या सालातला अली, किती फेऱ्यांची लढत आणि रेफरी किती कडक, हे ठरल्याशिवाय त्या शब्दाला काडीची किंमत नाही.

टायसनचं साल ठरवणं सोपं आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्याच फेरीत आडवं करून तो विसाव्या वर्षी हेवीवेटचा, म्हणजे सर्वांत जड वजनगटाचा, विश्वविजेता झाला, तिथपासून जून १९८८ पर्यंत, म्हणजे प्रशिक्षक केव्हिन रूनी त्याच्या कोपऱ्यात होता तोवर. नंतर डोकं सतत हलतं ठेवायची सवय सुटत गेली आणि तो एकाच मोठ्या ठोशाच्या मागे लागला. अली मात्र दोन आहेत. मार्च १९६७ मध्ये झोरा फॉलीला हरवून, मग सैन्यभरती नाकारल्याने बंदीत अडकला तो एक. ऑक्टोबर १९७० मध्ये परतला तो दुसरा. पहिल्याला ठोसा लागतच नसे, दुसरा तो लागूनही उभा राही. इथे पहिला घेऊ.

पुरावा म्हणून लोक हमखास चुकीच्या लढती दाखवतात. १९६६ मध्ये अलीने क्लीव्हलँड विल्यम्सला तीन फेऱ्यांत संपवलं, ती लढत दिसायला अप्रतिम. पण त्याआधी विल्यम्सला पोलिसाची गोळी लागून एक मूत्रपिंड गेलेलं होतं. टायसनने ९१ सेकंदांत उडवलेला मायकेल स्पिंक्स मुळात लाइट हेवीवेटचा, म्हणजे खालच्या वजनगटाचा, वजन चढवून वर आलेला. यापेक्षा अली-चुव्हालो, टोरंटो, १९६६ बघा: सतत अंगावर येऊन बरगड्या फोडणाऱ्या माणसाशी अली १५ फेऱ्या कसा वागला ते कळतं. टायसनसाठी १९८७ च्या ‘बोनक्रशर’ स्मिथ आणि टोनी टकर यांच्याशी झालेल्या लढती बघा. दोघंही ताडमाड उंच, दोघांनीही त्याला मिठी मारमारून १२ फेऱ्या काढल्या. कंटाळवाण्या आहेत, पण शिकायला त्याच बऱ्या.

आता रिंगमध्ये. वजनात फार फरक नाही: अली २१२ पौंडांच्या आसपास, टायसन २१८. फरक आहे तो पल्ल्यात, म्हणजे पसरलेल्या हातांच्या टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीत. अलीचा ७८ इंच, टायसनचा ७१. हे सात इंच ओलांडण्यासाठीच टायसनची सगळी घडण होती: दोन्ही ग्लोव्ह गालांना चिकटलेले, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आला की डोकं बाजूला घेऊन त्याच्याखालून आत, मग उजवा हुक (बाजूने फिरवून मारलेला ठोसा) बरगडीत आणि त्याच हाताने लगेच हनुवटीखाली अपरकट (खालून वर जाणारा ठोसा). समोर अलीची जुनी खोड: हात कमरेपाशी आणि ठोसा चुकवायला सरळ मागे झुकणं. डाव्या हुकने त्याला १९६३ मध्ये हेन्री कूपरने पाडलं, १९७१ मध्ये जो फ्रेझियरने. टायसनचा डावा हुक त्या दोघांपेक्षा लवकर निघायचा. त्यात वाकून येणाऱ्याला रोखायचं खरं हत्यार अपरकट. जॉर्ज फोरमनने १९७३ मध्ये याच फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं, त्यात मोठा वाटा त्याचाच. अलीच्या भात्यात तो नावापुरता होता. म्हणून पहिल्या चार फेऱ्या टायसनच्या. अली तेवढ्यात एकदा तरी खाली बसेल असं मला वाटतं.

पण टायसनला जोर लावायला दोन्ही पाय रोवावे लागत, आणि १९६७ चा अली पाय रोवेपर्यंत समोर थांबत नसे. तरीही गाठलंच, तर क्लिंच, म्हणजे मिठी मारून हात अडकवून ठेवणं. मानेमागे ग्लोव्ह टाकून डोकं खाली ओढणं हा नियमभंगच, पण जानेवारी १९७४ मध्ये फ्रेझियरविरुद्ध अलीने रात्रभर तेच केलं आणि त्याचा एकही गुण कापला गेला नाही. टायसन अडकला की सोडवायला रेफरीची वाट बघत बसायचा, हे स्मिथने दाखवून दिलं. रेफरी सैल असेल तर पाचव्या फेरीपासून लढत अलीची. गुण कापणारा असेल तर निकाल अगदी निसटता.

फेऱ्यांचंही तसंच. नोव्हेंबर १९८२ मध्ये डक कू किमचा लढतीतल्या माराने मृत्यू झाला, त्यानंतर १५ च्या १२ फेऱ्या होत गेल्या. टायसन १२ च्या पुढे कधी गेलाच नाही. १२ फेऱ्यांत अली गुणांवर. १५ असतील तर तेराव्या-चौदाव्यात रेफरी लढत थांबवून अलीला जिंकवेल.

संगणकाला का विचारत नाही? विचारून झालंय. १९६७ मध्ये मायामीच्या मरे वोरोनर यांनी एनसीआर ३१५ संगणकाला आकडे पुरवून रेडिओवर सर्वकालीन विजेत्यांची स्पर्धा घेतली. त्यात अली जिम जेफ्रीजकडून हरला आणि त्याने दहा लाख डॉलरचा बदनामीचा दावा ठोकला. त्यातूनच १९६९ मध्ये अली आणि निवृत्त, टोप घातलेला रॉकी मार्सियानो यांच्यात खोट्या फेऱ्या चित्रित झाल्या. अमेरिकेत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकलेला दाखवला, युरोपात अली. प्रेक्षक बघून निकाल! असल्या हिशेबात नियमांचा बदल कुठेच धरला जात नाही. १९५४ मध्ये एझर्ड चार्ल्सविरुद्ध मार्सियानोची नाकपुडी फाटली होती. त्याने आठव्या फेरीत चार्ल्सला झोपवलं म्हणून निभावलं. आजचा डॉक्टर तिथेच लढत थांबवेल, मग ४९ लढतींत एकही हार नाही हा त्याचा ४९-० चा विक्रम कुठला? शिवाय १८५-८८ पौंडांचा मार्सियानो आज हेवीवेटमध्ये नाही, २०० पौंडांच्या क्रूझरवेटमध्ये लढला असता.

आणि हो, साल बदललंत तर माझं उत्तरही बदलतं. मनिलात फ्रेझियरशी लढलेला, १९७५ चा अली द्या. मी टायसनच्या बाजूने. तो अली दोराला पाठ लावून मार झेलायचा, म्हणजे ते सात इंच टायसनला ओलांडावेच लागले नसते.