वर्षारंभीच्या पत्रातील बारीक अक्षरे

अमेरिकेतील स्कूल डिस्ट्रिक्टचे (एखाद्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचे) वर्षारंभीचे पत्र बहुतेक पालक बसच्या वेळा आणि सुट्ट्या पाहून बाजूला ठेवतात. माझ्या मते महत्त्वाचा मजकूर त्यापुढेच असतो. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेविषयीच्या १९७४ च्या ‘फर्पा’ (FERPA) कायद्यानुसार मुलाचे नाव, पत्ता, फोन क्रमांक यांसारखी ‘डिरेक्टरी’ माहिती शाळा पालकांच्या स्वतंत्र संमतीविना इतरांना देऊ शकते. मात्र तशी जाहीर सूचना आधी देणे तिच्यावर बंधनकारक असून, दिलेल्या मुदतीत पालकांनी लेखी नकार कळवल्यास ती माहिती तशी देता येत नाही. (ही मुदत सहसा मोठ्या अक्षरांत छापलेली नसते.) जिथे सर्वांना मोफत जेवण मिळत नाही, तिथे सवलतीचा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो, कारण गतवर्षीची पात्रता शाळेच्या फार तर पहिल्या ३० दिवसांपुरतीच टिकते. लसीकरणाचे नियम राज्यागणिक बदलतात.