बालमंदिरातल्या कादंबरीचं बाड

बेळगावात छापखान्यासाठी संहिता तपासताना कादंबऱ्यांची बाडं येतच असतात. बालमंदिरात, म्हणजे निराधार मुलांच्या सरकारी संस्थेत, वाढलेल्या पोरानं लिहिलेलं बाड मात्र पहिल्यांदाच हातात पडलं. त्या दिवशी दुपारपासून शटर ओढेपर्यंत तो लेखक आणि मी त्यावरच बसलो.

आधीच्या वाचकानं शेरा मारला होता : 'नायकाची आई कोण? प्रकरण वाढवा.' तो मी खोडला. अशा मुलाला स्वतःची गोष्ट फाईलमधून कळते. बालकल्याण समितीचा आदेश, चौकशी अहवाल, संस्था बदलल्याची नोंद. इथं तर पोरगं मराठी आणि कागद सगळे कन्नड. फाईलीत जे नाही ते नायकाला ठाऊक नाही. तिथं आई आणून बसवली की हिंदी सिनेमा सुरू. स्कॉटलंडच्या लेखिका जेनी फेगन अशाच सरकारी देखरेखीत वाढल्या. त्यांच्या 2012 च्या 'द पॅनॉप्टिकॉन' कादंबरीतली 15 वर्षांची अनाइस आपल्या जन्माच्या कहाण्या स्वतःच रचते. पोकळी भरायचीच तर अशी, पात्राच्या तोंडून.

बाडातला सगळ्यात कसदार भाग संध्याकाळच्या मोजणीचा. एक पोरगा पळालेला. आकडा जुळेपर्यंत ताटं वाढायची नाहीत. आमटीवर साय धरते आणि पोरं पळालेल्याला शिव्या घालतात. काळजी कुणालाच नाही, भूक सगळ्यांना. बाहेरच्या लेखकानं इथं हमखास कुणाला तरी रडवलं असतं.

खरी अडचण त्या पळालेल्या पोराची होती. तो खऱ्या मुलावर बेतलेला, आणि तो मुलगा अजून 18 चा नाही.

"नाव तर बदललंय की, सर."

"नावानं भागत नाही रे."

बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 74 नावाबरोबर पत्ता, शाळा आणि ओळख पटेल असा कुठलाही तपशील उघड करायला मनाई करतं. 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कादंबरी म्हटलं म्हणून धोका पत्करण्यात अर्थ नाही. कपाळावरचा व्रण, खानापूरची शाळा, सौंदत्तीच्या यात्रेत चुकलेला : एकेक तपशील निरुपद्रवी, तिन्ही एका पात्रात आले की गावातलं कुणीही बोट दाखवेल. व्रण दुसऱ्या पोराला दिला, शाळेचं गाव काढलं, यात्रेऐवजी बसस्टँड केला. बोली तेवढी तशीच ठेवली.

लेखक परिचयातून संस्थेचं नावही काढलं. मलपृष्ठावर ते छापलं असतं, तर आतली सगळी खाडाखोड फुकट.