मॉल येऊ देणार का? तुम्ही विचारलंत म्हणून

प्रचाराला सांगलीत कुठेही गेलं तरी हा प्रश्न हमखास निघतो. विश्रामबागेत तो असा असतो: "चांगल्या खरेदीला अजून कोल्हापूर गाठावं लागतं, तुम्ही निवडून आलात तर मॉल आणणार का?" मारुती रोडला, कापड पेठेत, म्हणजे जुन्या बाजारात, तोच उलटा होतो: "मोठ्या दुकानांनी आमचं गिऱ्हाईक पळवलं, तुम्ही त्यांना अडवणार का?" दोन्हीकडे टाळ्या मिळतील अशी दोन वेगळी उत्तरं देता येतात. मी दोन्हीकडे एकच देतो. मॉल आणणं नगरसेवकाच्या हातात नाही आणि अडवणंही नाही. जे हातात आहे ते कंटाळवाणं आहे, म्हणून त्यावर भाषणं होत नाहीत.

बांधकाम परवानगी महापालिकेचं सभागृह, म्हणजे नगरसेवकांची सभा, देत नाही. नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ खाली आयुक्तांच्या अखत्यारीतला नगररचना विभाग नकाशा तपासतो आणि परवानगी देतो. जागेवर वाणिज्य वापर चालत असेल, रस्ता पुरेसा रुंद असेल, चटई क्षेत्र (प्लॉटवर किती बांधता येतं ते), सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) आणि पार्किंग नियमात बसत असेल, तर "पेठेचा धंदा बसेल" हे परवानगी नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. सगळ्या ७८ नगरसेवकांनी हात वर केले तरी नाही.

सभागृहाचा हात लागतो तो दुसरीकडे. विकास आराखड्यात मंडई, क्रीडांगण किंवा वाहनतळासाठी राखून ठेवलेल्या जागेचं आरक्षण बदलायचं असेल तर कलम ३७ खाली सभागृहाचा ठराव लागतो, मग सूचना, हरकतींना महिनाभराची मुदत, सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी. त्या ठरावाला कोण सूचक, कोण अनुमोदक, हे इतिवृत्तात छापलेलं असतं. पण आरक्षणं जाण्याची दुसरी वाट याहून सोपी आहे आणि तिला ठरावच लागत नाही. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, की मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं, आणि जागा मोकळी. मंडईच्या जागेवर व्यापारी संकुल उभं राहिलं की लोक म्हणतात, कुणीतरी विकली. कधी विकलेली असेलही, पण कधी अंदाजपत्रकात संपादनाला तरतूदच नव्हती, एवढीच गोष्ट असते. म्हणून माझ्या यादीत पहिलं काम आहे ते आरक्षणांच्या तक्त्याचं: कोणतं आरक्षण, किती क्षेत्र, नोटीस आली का, २४ महिने कधी संपतात. हा तक्ता अंदाजपत्रकाच्या सभेपुढे आला पाहिजे, नोटिशीची मुदत संपल्यावर नव्हे.

आता पैशाचं. "मॉल आला की महापालिकेला उत्पन्न मिळतं," हे वाक्य मॉलच्या बाजूचे लोक फार खात्रीने सांगतात. जकात होती तोवर त्यात अर्थ होता. शहरात माल आला की पैसा येत होता. पुढे जकातीच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ झाला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटीने उरलासुरला संपवला. आता शासन महापालिकेला भरपाई देतं. २०१६-१७ चं उत्पन्न पायाभूत धरून दरवर्षी आठ टक्के वाढ, असा तो हिशेब आहे. गिऱ्हाइकाने साखर गणपती पेठेतून घेतली काय किंवा सुपरमार्केटमधून घेतली काय, या रकमेत रुपयाचा फरक पडत नाही.

इमारतीमुळे जे येतं ते असं: परवानगीच्या वेळी एकदाच विकास शुल्क आणि जादा चटई क्षेत्राचं अधिमूल्य, खरेदीखत झालं तर मुद्रांक शुल्कावरच्या अधिभाराचा वाटा, आणि दरवर्षी मालमत्ता कर. हा कर क्षेत्रफळ, वापर आणि भाडेमूल्यावर बसतो, गल्ल्यावर नाही. त्यामुळे खरी गळती असते ती नोंदीत. वर घर, खाली शटर, आणि कराच्या पुस्तकात अख्खी इमारत निवासी. मॉलची वाट पाहण्याआधी ही मोजणी नीट झाली तर रस्त्यांना पैसे सुटतात. हे बोलल्यावर पेठेतल्या टाळ्याही थांबतात, याची मला कल्पना आहे.

पण सांगलीत दुकानांच्या वाढीचा खरा प्रश्न पैशाचा नाही, उंचीचा आहे.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ ची खूण भिंतीवर धरून ज्यांनी माल तिच्या वरच्या फळीवर ठेवला, त्यांच्या फळीवरूनही पाणी गेलं. २०२१ ला पेठा पुन्हा पाण्यात. पाटबंधारे खातं दोन रेषा आखतं: निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात नवं बांधकाम नाही. वाहनतळ, उघडी भाजी मंडई, बाग असे वापर चालतात. निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट उंच. निळ्या रेषेच्या आत जुनी अधिकृत इमारत पाडून बांधायची असली तरी उंची हीच.

कागदावर हे रास्त आहे. पेठेत त्याचं काय होतं ते बघा. समजा एखाद्या दुकानासमोर लाल रेषेची पातळी रस्त्यापासून आठ फूट आहे. जोतं साडेनऊ फुटांवर गेलं. सहा इंचांची एक पायरी धरली तर १९ पायऱ्या. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा उताराचा रॅम्प करायचा तर त्याची लांबी ११४ फूट. पेठेतल्या अरुंद प्लॉटमध्ये तेवढा रॅम्प बसवायचा कुठे? म्हणजे लिफ्ट आली. लिफ्टचं यंत्र, मीटर, पंप हे सगळं वर घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्याच पुरात इमारत बंद. आणि खालचा मजला फक्त पार्किंगचा. रस्त्याला लागून असलेल्या शटरलाच पेठेत किंमत असते. ते गेलं की मालक म्हणतो, जुनंच डागडुजी करून चालवतो. म्हणून पेठेतल्या इमारती जुन्या राहतात आणि नवा पैसा शंभर फुटी रस्त्याला आणि मिरज रस्त्याला जातो. पेठेला मॉलने मारलं म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही एकदा करावा.

यावर उंचीची अट सैल करा, अशी मागणी होते. मी तिच्या बाजूने नाही. मात्र पुनर्बांधणी एकेका प्लॉटची न करता सात-आठ लगतच्या मालकांनी मिळून केली तर एकच लिफ्ट, एकच रॅम्प, वर सलग गॅलरी आणि तिच्यावर सगळ्यांची दुकानं असं करता येतं. गिऱ्हाईक एकदा चढलं की आठ दुकानं फिरतं. यात अडतं ते भाडेकरूंवर. पागडीवर दोन पिढ्या बसलेल्या दुकानदाराला नव्या इमारतीत नेमकं किती क्षेत्र, कुठे आणि किती भाड्याने, हे नोंदणीकृत करारात आल्याशिवाय तो चावी देणार नाही, आणि त्याने देऊही नये. महापालिकेने इथे मध्यस्थी करायची, नकाशे एकत्र तपासायचे, आणि काम चालू असेपर्यंत तात्पुरत्या शेडला जागा द्यायची. एवढं झालं तर पेठेतली पहिली गल्ली हलेल.

तोवर रोजच्या धंद्यासाठी एक साधी गोष्ट. आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर असताना कोणत्या गल्लीच्या तोंडाशी ते येतं, हे जुन्या लोकांना पाठ आहे. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर आधी, पेठा नंतर. ही माहिती खांबांवर रंगवली पाहिजे: "पुलावर इतके फूट झाले की इथे पाणी." कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की दुकानदाराला माल हलवायला वेळ मिळतो, पण तो वेळ 'यंदा इतकं येणार नाही' या चर्चेत जातो. शिवाय वरच्या मजल्यावर किंवा दुसरीकडे माल ठेवणाऱ्यांनी विमा पॉलिसीत त्या जागेचा पत्ता आहे का ते पाहून घ्यावं. नसेल तर दावा तिथेच अडतो.

विश्रामबाग, कुपवाड, मिरज रस्ता इकडे पूररेषेची अडचण कमी, पण पावसाच्या पाण्याची आहे. शामरावनगर सगळ्यांना माहीत आहे: सखल भाग, काळी माती, गुंठ्या-गुंठ्याने पडलेले प्लॉट आणि अरुंद रस्ते. नाल्यावर भराव पडला की पाणी घरात शिरणारच. गुंठेवारीच्या नियमितीकरणाची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना मिळाली, पण नियमित झाल्याने रस्ता रुंद होत नाही आणि नाला परत येत नाही. अशा भागाच्या वरच्या अंगाला एक एकराचं काँक्रीटचं पार्किंग असलेलं दुकान आलं, आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या एकरावरून दोन लाख लिटर पाणी खाली येतं. दहा हजार लिटरचे वीस टँकर एकाच वेळी उघडल्यासारखं. शोषखड्डा दाखवून परवानगी मिळते, पण काळ्या मातीत शोषखड्डा पावसाळ्यात काम करत नाही. तिथे साठवण टाकी आणि तिच्यातून सावकाश पाणी सोडणारा लहान नळ लागतो. मी नगरसेवक झालो तर मोठ्या दुकानाच्या बाबतीत प्रशासनाला पहिला प्रश्न विचारेन तो हाच: पाणी कोणत्या गटारात, आणि त्या गटाराचं तोंड कुठे.

दुसरा प्रश्न पार्किंगचा. यात फसवणूक ठरलेल्या पद्धतीने होते. नकाशात तळमजल्यावर पार्किंग, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी) मिळेपर्यंत जागा मोकळी, मग एकेक शटर. गाड्या रस्त्यावर. तपासायला नागरिकाला दोनच कागद लागतात, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, दोन्ही माहिती अधिकारात मिळतात. विसंगती दिसली की नगररचना विभागाकडे लेखी तक्रार द्या, नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली अनधिकृत बांधकाम हटवण्याच्या नोटिशीची मागणी करा आणि पोच घ्या. अवैध बांधकामाला मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, लागू शकते, पण शास्ती भरली म्हणजे बांधकाम नियमित झालं, असं अजिबात नाही. हे वाक्य संबंधित लोक सोयीने विसरतात. त्याच तक्रारीत आगीचंही विचारा. दर जानेवारीत आणि जुलैमध्ये आगप्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी द्यावा लागतो.

मोठ्या दुकानासमोर आठवड्याभरात भेळ, भाजी, मोबाईल कव्हरवाले उभे राहतात आणि लगेच "हातगाडे हटवा" अशी निवेदनं येतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला हटवता येत नाही, आणि स्थलांतरासाठी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. जप्त केलेला नाशवंत माल विक्रेत्याने मागितला त्याच दिवशी परत करायचा असतो. कुठे बसायचं हे आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या पथविक्रेता समितीतून ठरतं, आणि तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असतात. त्यामुळे नव्या दुकानाचा नकाशा मंजुरीला असतानाच समोरच्या रस्त्यावर विक्रीची जागा कुठे हे ठरवलं, तर पुढची रोजची पळापळ वाचते. उद्घाटनानंतर ठरवायला गेलं की प्रत्येक फूट कुणाचा तरी झालेला असतो.

राहता राहिला पेठेचा धंदा टिकेल का हा प्रश्न. सोनं, लग्नाचा बस्ता, मसाले, बी-बियाणं यांना लगेच धोका आहे, असं मला वाटत नाही. पलूस, तासगाव, वाळव्याकडून एसटीने येणारं गिऱ्हाईक स्टँडवर उतरून चालत पेठेत येतं. ही पेठेची ताकद कुठल्याही मॉलकडे नाही. पहिला फटका नव्या वसाहतींतल्या किराणा दुकानांना बसतो, आणि त्यांची संघटनाही नसल्याने त्यांच्या बाजूने निवेदनही येत नाही. त्यांच्यासाठी महापालिका करू शकेल अशी एक गोष्ट आहे: स्वतःचे गाळे नीट वापरणं. गाळा क्रमांक, क्षेत्रफळ, करारातलं नाव, प्रत्यक्ष बसणाऱ्याचं नाव, भाडं, थकबाकी, कराराचा शेवटचा दिवस अशी यादी संकेतस्थळावर टाकायला नवा कायदा नको, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये स्वतःहून माहिती जाहीर करायचं बंधन आहेच. यातला 'प्रत्यक्ष बसणारा' हा रकाना कार्यालयात बसून भरता येत नाही. भाडे विभागाच्या माणसाला प्रत्येक गाळ्यावर जाऊन करारातलं नाव आणि वीजबिलावरचं नाव ताडून पाहावं लागेल, आणि जिथे मूळ भाडेकरू महापालिकेला नाममात्र भाडं भरून पोटभाडेकरूकडून कितीतरी पट घेतो आहे, तो गाळा मुदत संपताच लिलावात आणावा लागेल.