आमची वाटचाल : भोसरीच्या गाळ्यातला नऊ वॅटचा बल्ब

२०१३ साली भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही एलईडी बल्ब जोडायला लागलो. भांडवल म्हणजे दोन सोल्डरिंग स्टेशन, एक हातप्रेस आणि जुन्या बाजारातून आणलेला, व्होल्टेज कमीजास्त करणारा डिमरस्टॅट. त्याची मूठ १४० व्होल्टपासून २७० पर्यंत फिरवायची, बल्ब लुकलुकला नाही तरच तो पेटीत जायचा. खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि रात्री पंप बंद झाले की चढतं, हे आम्हाला पाठ होतं.

टेबलावर एक बल्ब कुणीही पेटवतो. सहा हजार नग एकसारखे काढणं हे खरं काम. एमसीपीसीबी म्हणजे एलईडी चिप बसवलेली धातूची पट्टी. तिच्याखाली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट कमी लागली तर चिप तापते, जाड लागली तरी उष्णता अडते. त्यासाठी आम्ही पत्र्याचं स्टेन्सिल कापून घेतलं. ते आजही वापरात आहे.

मग भाव कोसळले. सरकारी योजनेतला खरेदीदर २०१४ साली ३१० रुपये होता, तो २०१६ पर्यंत ३८ वर आला. लाखांनी नग काढणाऱ्यांना ते परवडलं. आमचा तर नुसता कच्चा माल त्याच्या वर जात होता. त्याच ओढाताणीत एका व्यापाऱ्याकडून आम्ही कपॅसिटर घेतले. वर १०५ अंश छापलेलं, म्हणजे तेवढी उष्णता सोसणारे; बिल पक्कं.

ते कपॅसिटर घातलेला सहा हजार बल्बांचा लॉट २०१६ च्या दसऱ्याला गेला. निम्मा माल नारायणगावच्या अण्णांनी उचलला. अण्णांचं इलेक्ट्रिकचं दुकान, आमचे पहिले गिऱ्हाईक. जानेवारीअखेर त्यांचा फोन आला, "हॉटेलातले बल्ब लुकलुकतायत." पाडव्याच्या सुमारास बाजारपेठेतले परत येऊ लागले.

व्यापारी म्हणाला, तुमचं सर्किट चुकलंय. चार दिवस मी स्वतःचंच सर्किट तपासत बसलो, याचा राग अजून गेलेला नाही.

उलगडा अण्णांच्या वहीनं केला. परत आलेला प्रत्येक बल्ब कुणाचा आणि रोज किती तास जळायचा, हे त्यांनी न सांगता लिहून ठेवलं होतं. हॉटेल अठरा तास, दुकानं बारा. तासांना दिवसांनी गुणलं की उत्तर दोन हजारांच्या आसपास. बल्बच्या आत कपॅसिटरपाशी ८५ अंश भरतात. तिथे १०५ अंशाचा, म्हणजे १०५ अंशांवर दोन हजार तास टिकणारा कपॅसिटर आठ हजार तास टिकायला हवा, कारण तापमान दर दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. दोन हजारांत मरतो तो ८५ अंशाचा. मी ब्लेडनं एकाची स्लीव्ह, म्हणजे वरचं छापील प्लॅस्टिकचं वेष्टन, चिरली. आत दुसरी स्लीव्ह निघाली आणि तिच्यावर ८५ छापलेलं होतं.

व्यापाऱ्यानं एक रुपया परत केला नाही. नव्यानं या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो, प्रत्येक पिशवीतला एक कपॅसिटर कापून बघा, आणि बिलावर अंश आणि तास दोन्ही लिहून घ्या. नुसतं "चांगला माल" या शब्दावर वॉरंटी देऊ नका.

वहीच्या हिशेबानं घरांतले बल्ब गणपतीत जाणार होते. आम्ही वाट बघितली नाही. पतसंस्थेचं कर्ज काढून उन्हाळ्यातच सगळा लॉट बदलून दिला. अण्णांनी स्वतःच्या टेम्पोनं गावोगावचे बल्ब गोळा केले, भाड्याचं नावही काढलं नाही.

कर्ज फिटलं, गाळा मोठा झाला, पुढची वर्षं कामात गेली. अण्णांनी दुकान मुलाकडे सोपवलं तेव्हा ती वही मला आणून दिली. डिमरस्टॅटच्या शेजारीच ठेवली आहे. शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलंय : मारुती मंदिर, २ नग, २४ तास, बदलले.