आमची वाटचाल: पिळलेल्या शेपटीपासून

नाशिककरांना विमानांचं अप्रूप कमी. ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये आधी मिग बनली, पुढे सुखोई. बाबांची सगळी नोकरी तिथेच, शीट मेटलमध्ये गेली. तरी मी रिमोटवर उडणाऱ्या विमानांचं दुकान काढतोय म्हटल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

सुरुवातीला आम्ही नुसती विक्री करायचो. मोटरी, बॅटऱ्या, ९ ग्रॅमचे सर्व्हो (विमानाची पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि फोमची तयार विमानं. पहिल्याच उन्हाळ्यात सहा विमानांची खेप आली. खोकी उघडली, तर सहाही एलेव्हेटरना, म्हणजे शेपटीच्या वर-खाली हलणाऱ्या आडव्या पात्यांना, पीळ. खोकी वाटेत कुठेतरी उन्हात, वजनाखाली पडून राहिली असणार. माल परत पाठवायची सोय नव्हती, सुटे भाग यायला दीड-दोन महिने लागणार होते, आणि गुंतवलेले पैसे कर्जाचे होते.

मी हीट गन घेऊन पहिला तुकडा सरळ करायला बसलो. मिनिटभरात पापडासारखे फोड आले. दुसरा तुकडा सरळ झाला, पण सकाळी पाहतो तर पुन्हा तसाच पिळलेला. बाबा मागे उभे होते. म्हणाले, ‘‘तापवतोयस, पण धरून कुठे ठेवतोयस?’’ संध्याकाळी त्यांनी प्लायवूडच्या दोन पट्ट्यांचा जिग, म्हणजे तुकडा धरून ठेवणारा साचा, करून दिला. एका कोपऱ्याखाली पातळ पाचर, म्हणजे तुकडा उलट्या दिशेला जरा जास्तच पिळून बसतो. कारण सोडल्यावर फोम थोडा मागे येतोच. राहिलेले पाच एलेव्हेटर त्याच जिगमध्ये सरळ झाले. आमच्या धंद्याची खरी सुरुवात मी तिथून धरतो.

तेव्हापासून आम्ही हीट गन बाजूला ठेवली. ईपीओ या जरा कडक फोमला गरम पाणी उत्तम. पाणी उकळू द्यायचं नाही, साधारण ७५ ते ८० अंश पुरेत. पसरट परातीत तुकडा अर्धा-पाऊण मिनिट बुडवायचा, हाताला मऊ लागला की जिगमध्ये घालायचा आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. गार होण्याचा हा वेळच खरं काम करतो. एकदा नाही जमलं तर पुन्हा, तिसऱ्यांदासुद्धा, पण दर वेळी थोडंच. ईपीपी या लवचिक फोमचं वेगळं. तो रबरासारखा मूळ आकारावर येऊ पाहतो, त्याला नुसत्या पाण्याने वळण लागत नाही, आधारच द्यावा लागतो.

आधार देतानाही बाक आणि पीळ यांतला फरक ओळखावा लागतो. बाकाला लांबीत चीर देऊन बसवलेली कार्बनची पट्टी पुरते. पिळाला ती फारशी अडवत नाही. तिथे धागे असलेली टेप दोन्ही बाजूंनी ४५ अंशात तिरकी, एकमेकींना छेद देणारी लावावी लागते. तीही जपून. हिंजच्या (पात्याच्या बिजागरीच्या) मागे वजन वाढलं की वेगात ते पातं फडफडू लागतं, आणि एकदा फडफड सुरू झाली की सर्व्हो किंवा हिंज तुटायला वेळ लागत नाही.

दुरुस्ती करतो हे कळल्यावर गिऱ्हाईक वाढलं. नगर, धुळे, जळगावहून लोक शेपट्या घेऊन येऊ लागले. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकलेली मुलं येतात, त्यांचे प्रश्न नेमके असतात. बऱ्याच जणांना वाटतं, ट्रिम दिलं, म्हणजे रिमोटवरून पात्याची मधली जागा जराशी सरकवली, की झालं. पण पंखच पिळलेला असेल तर ट्रिमने विमान सरळ जातं, आणि उतरताना वेग पडला की एक पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल अचानक कमी होते. विमान त्याच बाजूला कलंडतं, तेही जमिनीपासून दहा-पंधरा फुटांवर. म्हणून ट्रिम देऊन विमान परत पाठवणं आम्ही कधी केलं नाही.

आधी पुशरॉड, म्हणजे सर्व्हो आणि पातं जोडणारी सळई, सोडतो, सर्व्हो मध्यावर आणतो, मग पातं डोळ्यांच्या रेषेत धरून मागच्या कडेने पाहतो. पुष्कळदा पातं सरळच असतं, सर्व्होच्या दातेरी टोकावरचा हॉर्न (छोटा दांडा) एक दात चुकून बसलेला असतो. अशा वेळी पैसे घेत नाही. नवा भाग विकून जास्त सुटतात हे खरं, पण सरळ होणारी वस्तू टाकायला लावणं मला पटत नाही.

आता पॅकिंग पत्नीकडे आहे. प्रत्येक शेपटी ती जाड पुठ्ठ्याच्या दोन सपाट तुकड्यांत बांधते आणि खोक्यात आडवी न ठेवता कडेला उभी ठेवते. गिऱ्हाइकांना एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगते: उन्हाळ्यात विमान बंद गाडीत ठेवू नका, आणि ठेवावंच लागलं तर पंखावर काही टेकवू नका. सहा खोक्यांच्या त्या खेपेनंतर आम्ही पाठवलेल्या मालात पिळाची तक्रार फार क्वचित आली.

बाबा आता ७८ वर्षांचे आहेत. रोज संध्याकाळी तासभर दुकानात येतात. नव्या मॉडेलसाठी जिग तेच आखतात, पाचर तेच घासतात. आत्ता टेबलावर धुळ्याच्या एका मुलाच्या विमानाचा रडर (शेपटीचं उभं पातं) गार होतोय आणि ते शेजारी खुर्ची टाकून बसले आहेत.