एच५ वरचं प्यादं

बुद्धिबळाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन याने आव्हानवीर सर्गेई कार्याकिनला दिलेलं वजिराचं बलिदान तुम्ही पाहिलं असेलच. ३० नोव्हेंबर २०१६, न्यूयॉर्क, जागतिक अजिंक्यपदाच्या टायब्रेकमधला (बरोबरी फोडायच्या फेरीतला) चौथा रॅपिड म्हणजे जलद डाव, कार्लसनकडे पांढरी मोहरी, पन्नासावी खेळी: वजीर एच६, शह (पटाच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या रांगा पांढऱ्याकडून १ ते ८). काळ्या राजाच्या थेट पुढ्यात वजीर आणून ठेवलाय. राजाने मारला तर सी८ चा हत्ती एच८ वर जाऊन मात. जी प्याद्याने मारला तर एफ५ चा हत्ती एफ७ वर जाऊन मात. तिसरा पर्याय नाही. कार्याकिनने डाव सोडला. त्या दिवशी कार्लसनचा सव्विसावा वाढदिवस होता, त्यामुळे बातमीदारांना मथळा आयताच मिळाला.

खेळी सुंदर आहे, वादच नाही. पण माझं मत थोडं वाकडं आहे. शह देणाऱ्या खेळ्या आधी तपासायच्या हे ज्याच्या अंगवळणी पडलंय, त्याला ती दिसतेच. कार्लसनला न दिसली असती तरच नवल. मला जास्त रस आहे तो एच५ वरच्या प्याद्यात.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये मी मुलांना शिकवतो. ही स्थिती मांडतो, मुलं दोन्ही मात शोधतात, टाळ्या पिटतात. मग मी एच५ चं प्यादं उचलून खिशात टाकतो आणि म्हणतो, आता करा मात. राजा वजीर मारतो, एच८ वरून शह येतो आणि राजा आरामात जी६ वर सरकतो, कारण ते घर एच५ चं प्यादंच रोखून होतं. दुसरी वाट करून बघितली, पुन्हा जी६. सातवीतली एक मुलगी वैतागून म्हणाली, “सर, प्यादं परत द्या की!” एवढं झालं की बलिदानाबद्दल मला फारसं बोलावं लागत नाही.

आता हे प्यादं तिथे आलं कसं ते बघा. ते मुळात एच पट्टीतलं नाहीच, जी पट्टीतलं आहे. डाव सिसिलियन (सुरुवातीची एक प्रसिद्ध पद्धत), पाचवीच खेळी एफ३, मग सी४. म्हणजे मधली घरं आवळून ठेवायची आणि समोरच्याला हातपाय पसरू द्यायचे नाहीत. कार्लसनला बरोबरी पुरणार होती. बारा क्लासिकल (पूर्ण वेळेचे) डाव ६-६ असे संपले होते, त्यातला बारावा तर दोघांनी तीस खेळ्यांत आटोपला. टायब्रेकमध्ये २५ मिनिटं आणि प्रत्येक खेळीला १० सेकंद. पहिले दोन डाव बरोबरीत गेले (दुसऱ्यात कार्याकिनने हरलेली स्थिती ‘स्टेलमेट’च्या (शह नाही पण खेळीही उरत नाही, म्हणून बरोबरी) युक्तीने वाचवली, ती वेगळ्या पोस्टचा विषय आहे), तिसरा कार्लसनने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. चौथ्यात कार्याकिनला जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

म्हणून त्याने एकोणिसाव्या खेळीला एच५ आणि विसाव्याला एच४ करून आपलं प्यादं पुढे ढकललं. जिंकायचं तर कुठेतरी कुरापत काढायलाच हवी. कार्लसनने बाविसाव्या खेळीला जी३ केलं आणि एकोणतिसाव्याला त्याच प्याद्याने एच४ वरचं काळं प्यादं मारलं. एकाच पट्टीत दुहेरी प्यादी, राजापुढे भगदाड. क्लासमध्ये कोणी असं खेळलं तर मी कपाळाला हात लावेन. एकोणचाळिसाव्या खेळीला ते प्यादं एच५ वर गेलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. काळं प्यादं जिथून चालत आलं, तेच हे घर.

मधल्या मारामारीत कार्याकिननेही बलिदान दिलं होतं, ते मात्र कोणी दाखवत नाही. चौतिसाव्या खेळीला त्याने हत्तीने बी३ चं प्यादं खाल्लं, पांढरा घोडा डी४ वर येऊन वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम बसला, वजिराने सी४ चं प्यादं घेतलं, घोड्याने हत्ती घेतला. हिशेब केला तर घोडा आणि दोन प्यादी घेऊन हत्ती दिला. ज्याला जिंकायचंच आहे त्याच्यासाठी हा सौदा वाईट म्हणता येत नाही. उंट आणि पाच प्यादी हाताशी आहेत, आणि पांढरा राजा उघड्यावर आहे.

पण या गरजेनेच त्याचा घात केला असं मला वाटतं. शेचाळिसाव्या खेळीला कार्लसनने हत्ती सी१ वर आणून अदलाबदल पुढे केली. काळ्याचा हत्ती सी७ वर, सी पट्टी धरून बसलेला. अदलाबदल केली तर जिंकण्याची आशा संपते, म्हणून तो ए७ वर गेला. सी पट्टी मोकळी! कार्लसनच्या वजिराने एफ४ चं प्यादं खाल्लं. इथे वजीर बदलता आले असते, पण त्यातही जिंकण्यासारखं काही उरत नव्हतं. मग हत्ती ए२, शह, राजा एच१, वजीर एफ२. आता काळ्याची धमकी खरी आहे, जी२ वर मात आहे. एका खेळीची उसंत मिळाली असती तर मथळे वेगळे लागले असते.

ती मिळाली नाही. हत्ती सी८, शह; राजा एच७; आणि वजीर एच६. मुलं विचारतात, राजा हलवायच्या ऐवजी उंट एफ८ वर आडवा घातला असता तर? हत्तीने उंट मारून पुन्हा शह. राजा एच७ वर पळाला तर तोच वजीर, तेच एच६, त्याच दोन मात. राजाने हत्ती मारला तर दुसरा हत्ती एफ७ चं प्यादं मारून शह देतो, आणि वजिराचा त्याला मागून आधार असल्याने राजाला तो मारता येत नाही. तिथून पुढे राजा जी८ वर गेला की काय होतं हे मी मुलांना गृहपाठ देतो. एवढंच सांगतो की त्या वाटेवरही एच५ च्या प्याद्याला काम आहे.